वगळलेले प्रश्न

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला आलेल्या ईमेलमध्ये वाईट असं काही नव्हतं. उलट काम संपत आल्याचीच ती खूण होती. वसई-विरारमधल्या तीनशे बारा म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची चाचणी घेऊन झाली होती, सगळे आकडे परदेशातल्या विद्यापीठात गेले होते, आणि आता तिथल्या संख्याशास्त्राच्या बाईंनी चार ओळींत कळवलं होतं की तीस गुणांच्या प्रश्नावलीतले सहा प्रश्न वगळण्यात येत आहेत. कारण एकाच वाक्यात होतं. या लोकांच्या बाबतीत हे प्रश्न स्मरणशक्ती मोजत नाहीत. माणूस शाळेत किती वर्षं गेला आणि घरी कोणती भाषा बोलतो, एवढंच ते मोजतात. खाली सगळ्यांचे आभार मानलेले होते. विनिता परेराने माणिकपूरच्या ऑफिसात बसून तो मजकूर वाचला, ‘नोटेड, थँक यू’ असं उत्तर पाठवलं, आणि बाकीच्यांना दाखवायला त्याची प्रिंट काढावी म्हणून खालच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकानात दोन जण पुढे होते. ती काउंटरला टेकून उभी राहिली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपली बोटं काउंटरच्या काचेवर काहीतरी मोजताहेत. सतरा वजा दोन, पंधरा. तीस वजा बारा, अठरा. अठरापैकी पंधरा. ईमेलमध्ये पास होण्याची नवी मर्यादा दिली होती, तेरा. म्हणजे पप्पा पास होते. दुकानदार म्हणाला, “मॅडम, किती कॉपी?” आणि तिला पटकन आकडाच सुचेना.

सतरा हा आकडा तिच्यात अकरा वर्षं राहत होता. त्याची आठवण काढावी लागत नसे. आपल्या रक्तगटाची काय आठवण काढायची, तसंच ते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर विनिताने मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग याच प्रश्नावलीचं प्रशिक्षण घेतलं, आणि त्या प्रशिक्षणाच्या शेवटी पस्तीस म्हाताऱ्या माणसांच्या चाचण्या सरावासाठी घेऊन दाखवायच्या होत्या. पस्तीस माणसं शोधायची कुठे? पहिला माणूस घरातच होता. पप्पा, ॲन्सेल्म परेरा, वय बहात्तर, चौथी पास, केळीची आणि पानवेलीची वाडी. त्यांनी त्या महिन्यात दोनदा बावखलावरचा पंप चालू ठेवला होता आणि त्या तळ्याचं पाणी वाडीभर होऊन रस्त्यापर्यंत आलं होतं. एकदा नातीला विनिताच्या नावाने हाक मारली होती. आईने हे हसतहसत सांगितलं होतं. विनिताने ते हसण्यावारी नेलं नाही, कारण ती नुकतीच शिकली होती.

रविवारी दुपारी चारला ते वाडीतून पाय धुऊन ओटीवर येऊन बसले. तिने पाटावर फॉर्म ठेवला, पेन्सिल ठेवली, घड्याळ ठेवलं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की प्रश्न छापील शब्दांतच विचारावा, त्यात बदल करू नये, उत्तर सुचवू नये, चेहऱ्यावर पसंती-नापसंती दिसू देऊ नये. या घरात जन्मल्यापासून ती बापाशी गावच्या बोलीत बोलत आली होती. शाळेत गेल्यावरच तिला कळलं होतं की मराठी नावाची आणखी एक भाषा असते आणि ती पुस्तकात असते. त्या दिवशी तिने ती पुस्तकातली भाषा बाहेर काढली. “मी आता आपल्याला काही प्रश्न विचारणार आहे. आपण शांतपणे विचार करून उत्तर द्यावे.” पप्पांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी आलंय आणि ही त्याच्याशी बोलतेय, असंच त्यांना वाटलं होतं. मग त्यांना कळलं, आणि ते ताठ बसले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. तलाठी यायचा तेव्हा ते असंच बसत.

आज कोणती तारीख आहे? पप्पा म्हणाले, उपवासकाळाचा दुसरा रविवार. तिने तारीख या रकान्यात शून्य लिहिलं. आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत? ते हसले. “मजला कुठाय आपल्या घराला?” पुस्तिकेत एकच उत्तर बरोबर होतं, तळमजला. शून्य. शंभरातून सात वजा करत जा. त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि तिथे ते थांबले, त्यांनी विचारलं, कशाचे सात वजा करायचे? ती काही बोलली नाही, कारण बोलायचं नसतं. पाचपैकी दोन. मी एक वाक्य म्हणते, ते तसेच म्हणा: ‘तो आला असता तर मी घरी थांबलो असतो.’ पप्पांनी ते म्हटलं. अर्थ तोच, एकही शब्द गाळला नाही, पण वाक्य ओठांतून बाहेर येताना गावच्या बोलीत आलं. शून्य. एकमेकांत अडकलेल्या दोन पाचकोनी आकृत्या काढा. चाळीस वर्षांत त्यांनी पेन धरलं असेल ते फक्त सही करायला. शून्य. आणि मग साम्याचा प्रश्न, ज्याला सगळ्यात जास्त गुण होते, तीन. केळे आणि संत्रे यांत साम्य काय?

ते उत्तर विनिताला आजही त्यांच्या आवाजासकट पाठ होतं. पप्पांनी पहिल्यांदाच मान वर केली. हा त्यांच्या विषयातला प्रश्न होता. ते म्हणाले, “साम्य काय असनार? संत्र्याचं झाड असतं, वर्सानुवर्सं फळतं. केळीला झाड कुठंय, तो नुसता बुंधा. एक घड दिला की संपली, मग तिची पोरं वाढतात. आनि संत्रं आपल्याकडं होत नाय, इथली हवा खारट.” ते आणखीही बोलले असते. तिने घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: फळे हे उत्तर आले नाही. मूर्त विचार. अमूर्तीकरण क्षीण. शून्य. तीन वेगवेगळ्या रकान्यांत तिने आपल्या बापाविषयी हे शब्द लिहिले, आणि लिहिताना तिला एक शांत अभिमान वाटत होता, आपण भावनेच्या आहारी गेलो नाही याचा. एकूण सतरा. तेविसाच्या खाली म्हणजे ऱ्हास, अठराच्या खाली म्हणजे मध्यम ऱ्हास. पप्पांनी विचारलं, “पास?” ती म्हणाली, “ह्यात पास-नापास काय नाय.” त्या संपूर्ण दुपारभरात ती त्यांच्याशी घरच्या भाषेत बोललेलं ते एकच वाक्य, आणि ते खोटं होतं.

झेरॉक्सवाल्याला तिने काहीतरी आकडा सांगितला, प्रती घेतल्या, वर ऑफिसात ठेवल्या आणि बरं वाटत नाही म्हणून निघाली. बरं वाटत नव्हतं असंही नव्हतं. भूक लागली होती. रिक्षा स्टँडवर ती रांगेत उभी राहिली. एव्हरशाईन सिटीतला तिचा फ्लॅट एका दिशेला, आईचं गाव दुसऱ्या. नंबर आला तेव्हा ती गावाकडच्या रिक्षात बसली. रस्त्यात तिने स्वतःला समजावून पाहिलं. सतरा हा आकडा काही एकट्याने खून करत नाही. त्या आकड्यानंतर जे झालं ते माणसांनी केलं, आणि सगळ्या माणसांनी प्रेमानेच केलं. तिने मस्कतला भावाला, डेरिकला, फोन करून सांगितलं, मॉडरेट आहे. डेरिक पुढच्या सुट्टीत आला तेव्हा स्कूटरची चावी घेऊन गेला. पंपाच्या खोलीची किल्ली शेजाऱ्यांकडे गेली. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी संध्याकाळची रोझरी, जपमाळेची प्रार्थना, पप्पा सांगत, तीस वर्षं सांगत होते, त्यातले सगळे रहस्यप्रसंग, सगळ्या संतांची नावं, एकही न चुकता. विनिताने फादरना सांगितलं, त्यांना आता ताण नको. रोझरी दुसऱ्याकडे गेली आणि पप्पा मागच्या रांगेत बसायला लागले, ओठ हलवत. सांगणारा एखादं नाव चुकला की त्यांची मान किंचित वर होई आणि पुन्हा खाली जाई. विनिताने ते पाहिलं होतं. पाहिलं आणि मनात नोंद केली होती: दीर्घकालीन स्मृती शाबूत.

आणि ती स्वतः? तिने त्यांना विचारणं सोडलं. म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, बाथरूमला जाऊन आलात का, हे विचारत होती. पण पानवेलीला कीड का लागली, या वर्षी कोणती विहीर आधी आटेल, मुलीला, टिफनीला, कॉमर्सला घालू की सायन्सला, हे नाही. मोठ्याने, सावकाश, छोट्या छोट्या वाक्यांत ती बोलायला लागली. हळूहळू तेही छोट्या वाक्यांत उत्तर द्यायला लागले. मग “विनिताला विचारा” एवढंच. पाच वर्षांनी ते गेले, हार्टने, दुपारी झोपेत. शेवटच्या वर्षी मात्र ते खरंच विसरायला लागले होते. विनिताला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारत, आणि एकदा घरातल्या घरात बाथरूमची वाट चुकले होते. म्हणजे चाचणीचं बरोबरच होतं, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, आणि त्याचा तिला आधार वाटला होता. आता रिक्षात तो आधार हातात घेऊन ती उलटसुलट करून पाहत होती. आधी विसर होता आणि चाचणीने तो लवकर पकडला? की चार वर्षं कोणी काही विचारलं नाही म्हणून माणूस गंजला? हे आता कोणत्याच प्रश्नावलीने कळणार नव्हतं. आकडा आधी आला होता, एवढंच तिला नक्की ठाऊक होतं.

आई, मार्गारेट, ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कानाला थोडी कमी, बाकी खणखणीत. आडदिवशी दुपारी लेक आलेली पाहून तिने काय झालं असं विचारलं नाही. ताट थोडं पुढे सरकवलं. विनिता समोर बसली आणि सोलायला लागली. 

“आई, मी पप्पांची परीक्षा घेतली होती. आठवतंय?”

“इथंच तर बसला होतात.”

“ती चुकीची होती.”

आईने हातातला वाल सोलून पूर्ण केला. “म्हणजे तुझं चुकलं?”

“प्रश्नच चुकीचे होते. आज कळवलंय तिकडच्या लोकांनी. ते प्रश्न काढले तर पप्पा पास होते.”

“बरं झालं कळवलं,” आई म्हणाली. कोणाच्या तरी लग्नाची तारीख पुढे गेल्याचं कळावं, तशी. मग थोड्या वेळाने, वालांकडेच बघत, “तू रविवारी यायचीस ना, त्या दिवशी सकाळी ते मला विचारायचे, आज तारीख किती गं. चर्चचं कॅलेंडर आहे ना आत, त्याच्यापुढं उभे राहून बोट ठेवायचे. मग वाडीत दोन फेऱ्या मारून यायचे आणि कॅलेंडर न बघता मला सांगायचे. शंभराचं पण करायचे. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. मला पण पाठ झालं ऐकून ऐकून.”

विनिताचे हात थांबले. “कधी?”

“तू पेपर घेऊन गेलीस ना, त्याच्या पुढच्या रविवारपासून. चारेक वर्षं तरी. मग नंतर नाही जमलं त्यांना.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“तू विचारशील म्हणून थांबायचे. जेवताना पण थांबायचे. तू गोळ्यांचं विचारायचीस.”

“तू का नाही सांगितलंस?”

“ते म्हणाले, सांगू नको. तिला वाटेल आपण कॉपी केली.”

आईने हे कुठलाही आळ न घेता सांगितलं, नवऱ्याची एक गंमत सांगावी तसं, आणि सांगून झाल्यावर साली गोळा करून कोंबड्यांना टाकायला मागच्या दारी गेली. विनिताला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण तिच्या डोक्यात दोनशे रविवार उभे राहिले होते, एकामागून एक, आणि प्रत्येक रविवारी एक म्हातारा माणूस सकाळपासून तयारी करून जेवणाच्या टेबलाशी बसला होता, आणि प्रत्येक रविवारी परीक्षक येऊन विचारत होती, पोट साफ झालं का?  नखांत वालाच्या साली अडकल्या होत्या. आई परत आली आणि म्हणाली, बिरडं खाऊन जा.

शुक्रवारी तिने फ्लॅटच्या माळ्यावरून जुनी फाइल काढली. सर्टिफिकेटसाठी जपून ठेवलेले पस्तीस फॉर्म. त्यातले अकरा जण तेविसाच्या खाली होते. जेवणाच्या टेबलावर बसून तिने अकराही जणांचे गुण नव्याने मांडले. नऊ जण पास होत होते. एक पप्पा. उरलेल्या आठांपैकी पाच जण गेले होते, हे तिला इकडेतिकडे फोन करून कळलं. तीन हयात होते. तिने त्या तिघांची नावं एका कागदावर लिहिली आणि मग प्रकल्पाच्या मुख्य मॅडमना मुंबईला फोन लावला. मॅडम चांगल्या होत्या, शांतपणे ऐकून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, “विनिता, आय अंडरस्टँड. पण ते तुझे सरावाचे फॉर्म. या अभ्यासाचा त्यांच्याशी संबंध नाही. नवीन मर्यादा अजून छापून आलेली नाही. तू घरोघर जाऊन सांगणार, की तेव्हा आम्ही सांगितलं ते बरोबर नव्हतं? लोक गोंधळतील. उद्या एखाद्याला खरंच त्रास असेल आणि घरचे बिनधास्त झाले तर?” प्रत्येक वाक्य बरोबर होतं. विनिता हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की अकरा वर्षांपूर्वी हे लोक गोंधळतील अशी काळजी कोणालाच वाटली नव्हती. त्या वेळी तिने प्रत्येक घरी एक कागद दिला होता, एका पानाचा, खाली आपली सही. सरावाचा म्हणून नव्हे. लोकांनी वेळ दिला, त्यांच्या हातात काहीतरी द्यावं म्हणून.

शनिवारी ती पाचूबंदरला गेली. यादीतलं पहिलं नाव कातरीनबायचं होतं. कातरीनबाय जन्मभर जेटीवरच्या लिलावात मासे घ्यायची आणि बाजारात बसून विकायची. चाचणी झाली तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. सोळा गुण. तारीख विचारल्यावर तिने उधाणाचा कितवा दिवस ते सांगितलं होतं आणि पाच शब्द लक्षात ठेवा म्हटल्यावर त्यातला ‘मखमल’ म्हणजे काय ते विचारलं होतं. विनिता त्या वेळी तिच्या सुनेला बाजूला घेऊन बोलली होती. काय बोलली होती ते तिला नीट आठवत नव्हतं. रिक्षातून उतरताना तिने मनाशी वाक्यं जुळवली. पुस्तकातली जुळत होती, दुसरी जुळत नव्हती.

सून, रिटा, पन्नाशीची, दारातच भेटली. तिने लगेच ओळखलं. “टीचर ना तुम्ही? तो पेपर घेतलेला?” घर लहान होतं, नीटनेटकं. दरवाजाला आतून वरच्या बाजूला एक जास्तीची कडी होती, म्हाताऱ्या माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. खिडकीजवळ खुर्चीत कातरीनबाय बसली होती. अंगाने सुकली होती, पण डोळे तेच होते, समोरच्याचं वजन केल्यासारखे बघणारे.

“बाय, ओळखलं का मला?” विनिताने विचारलं आणि विचारताक्षणी तिला स्वतःची लाज वाटली.

“तू मखमलवाली,” कातरीनबाय म्हणाली.

विनिताने मग सांगितलं. जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं. ती गावच्या बोलीत बोलली, कातरीनबायची बोली आणि तिची बोली एक नव्हती, पण पुस्तकापेक्षा जवळ होत्या. ती म्हणाली की मी जे विचारलं होतं ते तुमच्यासाठी नव्हतंच, ते शाळेत गेलेल्यांसाठी होतं. तुमचं डोकं तेव्हा चांगलं होतं. मी तुमच्या घरी चुकीचं सांगून गेले. माझ्या बापाविषयीही मी तेच सांगितलं होतं. ती थांबली. बाहेर कोणीतरी जाळ्याच्या दोऱ्या ओढत नेत होतं, त्यांचा जमिनीवर घासल्याचा आवाज येत होता.

कातरीनबाय काही बोलेल असं विनिताला वाटलं होतं, शिवी देईल, निदान तोंड फिरवेल. पण बोलली रिटा. ती अजून उभीच होती, हात पदराला पुसत.

“म्हणजे तुम्ही म्हणाला होतात, ह्यांना एकटं सोडू नका. चूल पेटती ठेवतील, समुद्राकडे चालत जातील.”

“हो. म्हणाले असेन.”

“मी माणिकपूरला शाळेत होते, टीचर. ऑफिसात. पर्मनंट होणार होते त्या जूनला.” रिटाचा आवाज चढला नाही. आठवून आठवून बोलल्यासारखी बोलत होती. “तुमचा कागद मी हेडमिस्ट्रेसना दाखवला. त्या म्हणाल्या, मग तर इलाजच नाही. त्यांनी निरोप समारंभ पण केला माझा.”

विनिता या घरी एका माणसाला काहीतरी परत द्यायला आली होती. दुसऱ्या माणसाचा तिने विचारच केला नव्हता. यादीत रिटाचं नाव नव्हतं, फॉर्मवरही नव्हतं. फॉर्मवर फक्त ‘माहिती देणारी व्यक्ती: सून’ एवढंच होतं.

“मी हिला सांगत व्हते,” कातरीनबाय खिडकीकडे बघत म्हणाली. “नोकरी सोडू नको, मी राहीन. महिनाभर सांगत व्हते. पन माझं कोन ऐकनार? माझं डोकं गेलेलं ना.”

रिटाने तिच्याकडे पाहिलं.  “म्हणाल्या होत्या,” ती शेवटी म्हणाली, विनिताला की स्वतःला ते कळलं नाही. “रोज म्हणायच्या. मला वाटायचं, आजारातच बोलताहेत. मी ‘हो हो’ म्हणायचे.”

 विनिताने फाइलमधून एक कोरा कागद काढला, कारण ती आली तेव्हा हेच करायचं ठरवून आली होती, आणि आता ते किती अपुरं आहे हे दिसत असूनही तिला दुसरं काही करता येत नव्हतं. तिने हाताने लिहिलं की मी अमुक साली घेतलेली चाचणी या व्यक्तीला लागू नव्हती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मी मागे घेत आहे, सध्याची तब्येत डॉक्टरांना दाखवून ठरवावी. सही केली. मॅडमना हे कळलं तर काय, हा विचार येऊन गेला आणि तिथेच संपला. रिटाने कागद उभ्याउभ्या वाचला, घडी घातली आणि सासूच्या मांडीवर ठेवला. कातरीनबायने तो उघडला नाही. तिला वाचता येत नव्हतं.

“आता बाजारात बसायला जाशील का, बाय?” विनिताने विचारलं. काहीतरी चांगलं ऐकायला मिळावं म्हणून तिने ते विचारलं होतं, हे तिचं तिलाच कळलं.

“आता? आता माझे गुडघे गेले,” कातरीनबाय म्हणाली. “ते तुझ्या पेपरानं नाय. ते वयानं.” आणि ती जराशी हसली.

रिटा आत गेली. भांड्यांचा आवाज होईल, चहा येईल असं विनिताला वाटलं. पण रिटा साडी बदलून बाहेर आली, बाहेर जायची चांगली साडी, केस सारखे करत. चपला घातल्या. दाराशी थांबून म्हणाली, “आई, मी जरा जाऊन येते.”

“कुठं?”

रिटाने पर्स उचलली. “येते,” ती म्हणाली. “गॅस बंद आहे. राहाल ना?”

“जा ना,” कातरीनबाय म्हणाली.

विनिताही उठली. कातरीनबायच्या खांद्यावर तिने हात ठेवला. कातरीनबायने तो झटकला नाही, धरलाही नाही. यादीत अजून दोन घरं होती, एक याच बाजूला, एक नायगावला. त्या दोन घरांत प्रत्येकी किती माणसं असतील याचा तिला आता अंदाज नव्हता. ती बाहेर पडली तेव्हा ऊन चढलं होतं, ओट्यांवर मांदेली वाळत घातली होती. गल्लीच्या तोंडाशी, जिथून एक रस्ता जेटीकडे आणि एक रिक्षांकडे जातो, तिथे रिटा उभी होती, पर्स काखेत धरून. विनिता जवळ गेली तरी तिने वळून पाहिलं नाही. समोर बांधलेल्या होड्या लाटांवर हलत होत्या.

“अकरा वर्षांत एकटी अशी निघालेच नव्हते,” रिटा म्हणाली. “निघाले खरी. आता कुठं जाऊ तेच कळत नाहीये.”